पाणी बेताने: श्रावणात घरच्या मशीनमध्ये पिलं काढताना

कोंबडीची अंडी उबवणाऱ्या छोट्या इनक्युबेटरबरोबर जो माहितीचा कागद येतो, त्यात पहिलीच सूचना असते: खाचांत पाणी भरा आणि मशीन चालू करा. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ती जशीच्या तशी पाळली, तर एकविसाव्या दिवशी पूर्ण वाढलेली, लव आलेली पिलं कवचाच्या आत मेलेली सापडतात. अंडी वांझ नव्हती, तापमान बरोबर होतं, वीजही फारशी गेली नव्हती, मग बिघडलं कुठे ते कळत नाही. पुष्कळ जण मशीनला नावं ठेवतात आणि ते माळ्यावर टाकून देतात. पुढे आहे ती २०२५ च्या श्रावणात, गुहागर तालुक्यात समुद्राजवळच्या घरात लावलेल्या एका खेपेची हकिकत, अंडी गोळा करण्यापासून लशीपर्यंत.

श्रावणच का, तर अंड्यांमुळे. २४ जुलैला गटारी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या वाडीत अंडं शिजेनासं झालं. कोंबड्या मात्र श्रावण पाळत नाहीत. एरवी पंधरा रुपयांना हातोहात जाणारं गावठी अंडं या दिवसांत दहा-बारा रुपयांत मिळतं, आणि मुख्य म्हणजे कालचं-आजचं मिळतं. तब्येतीच्या दृष्टीने विचाराल, तर पिलं काढायला ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. पिलं कोरड्या हवेत वाढतात आणि रक्ती हगवणीचा त्रास कमी होतो. पण तेव्हा अंडी महाग असतात आणि हातात वेळ नसतो. पावसात काढायची तर काढता येतात, फक्त पाण्याचं गणित वेगळं मांडावं लागतं.

अंडी २५ ते २८ जुलैपर्यंत जमवली. चार दिवसांच्या वर थांबू नये. पुस्तकात सात दिवस लिहिलेले असतात, ते १५-१८ अंशांच्या थंड खोलीसाठी. आपल्याकडे पावसाळ्यातही घरात २७-२८ अंश असतात. अंड्याचं तापमान साधारण २१ अंशांच्या वर गेलं की बीजाची वाढ अर्धवट सुरू होते, मग रेंगाळते आणि कमकुवत होते. फ्रिज हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण तो फार थंड असतो आणि बाहेर काढल्यावर अंड्याला घाम फुटतो. जमिनीलगतचा, वाऱ्याचा, अंधारा कोपरा बघून टोकदार बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवली की झालं. एसटीने किंवा दुचाकीवरून आणलेली अंडी मात्र तशीच बारा ते चोवीस तास शांत राहू द्यावीत. हेंदकाळल्याने आतली हवेची पोकळी सैल झालेली असते, ती बसायला तेवढा वेळ लागतो.

निवडताना वजन बघायचं. गावठी अंडं ४० ते ४८ ग्रॅमचं असलं की पुरे. नव्या तलंगेची (नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीची) पहिली बारकी अंडी आणि फार मोठी, दोन बलकांची शंका येणारी अंडी खायला ठेवावीत. कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा. शंका असेल तर त्याच घरचं एक अंडं फोडून बघायचं. बलकावरचा पांढरा ठिपका नुसता डागासारखा असेल तर वांझ, भोवती फिकट कडं दिसलं तर फलित. अंडी धुवायची नाहीत. कवचावर जो बारीक थर असतो तोच जंतू आणि बुरशी अडवतो, आणि पावसात बुरशीला निमंत्रण लागत नाही. विष्ठेने माखलेलं अंडं घ्यायचंच नाही, किरकोळ डाग कोरड्या फडक्याने पुसायचा.

कावेरी, गिरिराज यांसारख्या सुधारित कोंबड्यांची अंडी लावणाऱ्यांसाठी एक सूचना: ही संकरित जात आहे. तुमच्या घरी त्यांच्या अंड्यांतून निघणारी पिलं आईबापांसारखी अंडी देतीलच असं नाही. त्यांची पिलं हवी असतील तर उबवणी केंद्रातून आणलेली बरी. घरी उबवायला गावठीच चांगली.

मशीन थर्माकोलचं, चोवीस अंड्यांचं, आत पंखा, अंडी फिरवणारा ट्रे आणि तापमानाचा कंट्रोलर, सगळं मिळून साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. त्यासोबत तीन स्वस्त वस्तू घ्याव्यात, त्यांच्याशिवाय सगळा खेळ अंदाजावर चालतो. एक स्वतंत्र आर्द्रतामापक, दोन-अडीचशे रुपयांचा. दुसरा ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा, तीनेकशे रुपयांचा. तिसरा ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर, तो बहुधा घरात असतोच.

अंडी ठेवण्याआधी मशीन पूर्ण एक दिवस रिकामं चालवून त्याच्या सेन्सरची आणि आर्द्रतामापकाची परीक्षा घ्यायची. कोमट पाण्याच्या पेल्यात मशीनचा सेन्सर आणि तापाचा थर्मामीटर शेजारी शेजारी बुडवा, ३७ ते ३८ च्या दरम्यान दोघांत किती फरक पडतो ते बघा आणि तेवढी दुरुस्ती कंट्रोलरमध्ये करा. आर्द्रतामापकासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका बंद डब्यात सहा-आठ तास ठेवायचे. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ८२ दाखवत असेल तर तो सात टक्के चढा आहे, हे कागदावर लिहून मशीनला चिकटवा. स्वस्त मापकांत पाच-दहा टक्क्यांची चूक सर्रास असते, आणि इथे सगळा निकाल त्या पाच-दहा टक्क्यांवरच ठरतो.

जागा माजघराची. पडवीत पत्रा तापतो, निवतो, वाऱ्याची झुळूक थेट येते. स्वयंपाकघरात भाताची वाफ असते. चिऱ्याच्या भिंतींच्या आत, मधल्या खोलीत तापमान दिवसरात्र दोन-तीन अंशांच्या वर हलत नाही. मशीन टेबलावर ठेवून टेबलाच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या ठेवल्या. हे मुंग्यांसाठी. पिलाने कवचाला पहिलं भोक पाडलं की त्या वासावर तांबड्या मुंग्या येतात, आणि भोकातून आत शिरल्या तर पिलू हलूही शकत नाही. रोज वाट्या भरल्या आहेत ना ते बघायचं.

२८ जुलैला संध्याकाळी अंडी लावली. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर आणि वजन. स्केचपेन नको, शाई कवचातून आत झिरपते. चोवीस अंड्यांचं एकूण वजन १,०३२ ग्रॅम. कंट्रोलर ३७.५ अंशांवर, सेन्सर अंड्यांच्या उंचीवर. पंखा नसलेलं बल्बचं खोकं असेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८ ठेवावं लागतं, कारण तिथे वर गरम आणि खाली गार असे थर असतात. थंड अंडी आत गेल्यावर तापमान ३४-३५ पर्यंत खाली येतं आणि वर यायला तीन-चार तास घेतं. त्या वेळात कंट्रोलरच्या बटणांना हात लावायचा नाही.

पाणी घातलं नाही. एक थेंबही नाही.

त्याचं कारण सोपं आहे. हवेतली वाफ तेवढीच राहते, पण हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद वाढते. बाहेर २७ अंश आणि ८८ टक्के असलेली हवा मशीनमध्ये ३७.५ अंशांपर्यंत तापली की आर्द्रतेचा आकडा आपोआप ४८-४९ वर येतो. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याला हवी असते ती ४५ ते ५० टक्केच. डिसेंबरच्या पहाटे १८ अंश आणि ८० टक्के असताना हाच हिशेब केला तर मशीनमध्ये पंचवीस-सव्वीस टक्केच उरतात, तेव्हा पाणी हवंच. म्हणजे एकाच घरात, एकाच मशीनला एका मोसमात पाणी लागतं आणि दुसऱ्यात लागत नाही. माहितीच्या कागदाला हे कुठून कळणार?

ओलावा जास्त झाला तर नेमकं काय होतं, तेही सांगतो. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. कवचातून पाणी उडत जातं तशी ती मोठी होते. शेवटच्या दोन दिवसांत पिलू त्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं. पाणी उडालंच नाही तर पोकळी लहान राहते, पिलू सुजल्यासारखं फुगलेलं असतं, त्याला वळायला जागा नसते, आणि चोच हवेऐवजी पाण्यात पडते. अंड्याने अठरा दिवसांत आपल्या वजनाचा ११ ते १३ टक्के भाग गमावायला हवा. ४३ ग्रॅमच्या अंड्यासाठी हे सुमारे पाच ग्रॅम होतात, चोवीस अंड्यांच्या ट्रेसाठी दिवसाला सात ग्रॅमच्या आसपास. मापकाचा आकडा फसवू शकतो, काटा फसवत नाही. म्हणून या सगळ्या उद्योगात आमचा विश्वास काट्यावर.

फिरवण्याचं काम ट्रे करतो, दर दोन तासांनी. हाताने फिरवणाऱ्यांनी एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावं. विषम आकडा एवढ्यासाठी की रात्रीची लांब वेळ रोज त्याच कुशीवर जाऊ नये. फिरवलं नाही तर गर्भ पापुद्र्याला चिकटतो. ट्रे खरोखर फिरतोय ना, हे रोज बघा. छोट्या मोटारीचा दांडा निसटलेला असतो आणि दिवा मात्र लागलेला असतो.

४ ऑगस्ट, सातवा दिवस, रात्री दिवे बंद करून तपासणी. मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरली की पुरतं, गावठी अंड्याचं कवच फिकट असल्यामुळे छान दिसतं. जिवंत अंड्यात एक काळा ठिपका आणि त्याच्या भोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. वांझ अंडं कंदिलासारखं स्वच्छ उजळतं. मेलेल्या गर्भाचं लाल कडं दिसतं, शिरा नसतात. तीन वांझ आणि एक कड्याचं अशी चार काढली. शंका असलेलं अंडं ठेवून तीन-चार दिवसांनी पुन्हा बघावं. वास येणारं किंवा कवचावर चिकट थेंब आलेलं अंडं मात्र लगेच बाहेर, तेही हळू हाताने. नासकं अंडं मशीनमध्ये फुटलं तर बाकीच्यांवर जंतूंचा सडाच पडतो, आणि तो वास थर्माकोलमधून महिनाभर जात नाही.

काट्याने मात्र नाखुशी दाखवली. सात दिवसांत पावणेपाच टक्के, म्हणजे ४८ ग्रॅमच्या आसपास घट हवी होती, भरली ३९. मापकात ५६-५७ टक्के. पाणी नाही, तरी एवढं. पावसाळ्यातल्या कोकणातल्या कुठल्याही घरात याचं कारण डोक्यावरच टांगलेलं असतं: माजघरातली कपड्यांची दोरी. चार माणसांचे ओले कपडे रात्रभर किलो-दोन किलो पाणी त्या खोलीच्या हवेत सोडतात. दोरी पडवीत नेली, मशीनची हवेची भोकं पूर्ण उघडली, आणि पाण्याच्या खाचेत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे पांढरे दाणे मलमलीच्या पुरचुंडीत ठेवले. अर्धा किलोला दीडशे रुपये पडतात. दाणे रोज संध्याकाळी कोरड्या तव्यावर मंद आचेवर वाळवून, निवल्यावर पुन्हा आत. खोली गरम करून काही साधत नाही हे लक्षात घ्या. हीटर लावला तरी हवेतली वाफ तीच, मशीनमधला आकडा तोच. वाफच कमी करावी लागते. ज्यांच्या खोलीत एसी आहे त्यांनी ड्राय मोडवर तो काही तास चालवला तरी काम होतं.

११ ऑगस्टच्या दुसऱ्या तपासणीत उरलेल्या वीस अंड्यांची घट नऊ टक्क्यांजवळ आली होती. चौदाव्या दिवशी एवढीच अपेक्षित असते. आत आता बहुतेक काळोख, वरच्या टोकाला हवेची पोकळी आणि तिच्या कडेला हालचाल. एक अंडं शिरा विरून गढूळ झालेलं, ते काढलं.

वीज. वादळी पावसात ती जाणारच. गावात जुनी समजूत आहे की ढगांच्या गडगडाटाने अंडी नासतात, म्हणून खुडूक कोंबडीच्या टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. मशीनच्या बाबतीत ती समजूत आडवाटेने खरी ठरते, गडगडाटामागोमाग दिवे जातात. १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीवर एवढंसं मशीन रात्रभर आरामात चालतं, सरासरी चाळीस-पन्नास वॅटच तर लागतात. इन्व्हर्टर नसेल तर पहिल्या दोन आठवड्यांत वीज गेल्यावर मशीन उघडायचं नाही, वर गोधडी टाकायची. तास-दोन तास थंड झालेलं अंडं सहसा सावरतं, कोंबडीही रोज पंधरा-वीस मिनिटं खायला उठतेच. शेवटच्या तीन दिवसांत नियम उलटा. तेव्हा पिलं स्वतः उष्णता तयार करतात, धोका हवेचा असतो. पंखा बंद आणि भोकं गोधडीखाली, म्हणजे गुदमरणं आलं. भोकं उघडी ठेवून फक्त बाजूंनी पांघरूण घालावं.

१५ ऑगस्टला संध्याकाळी अठरा दिवस पूर्ण झाले. शेवटचं वजन घेतलं, घट साडेअकरा टक्के. फिरवणारा ट्रे काढला, जाळीवर रबराची खरबरीत मॅट कापून अंथरली. वर्तमानपत्र घालू नये. त्यावर नव्या पिलाचे पाय दोन बाजूंना घसरतात आणि तसेच फाकलेले राहतात. अंडी आडवी ठेवली, एकमेकांना टेकतील पण दाटी होणार नाही अशी. पुरचुंडी बाहेर आणि आता पहिल्यांदा पाणी आत, कोमट. शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० टक्के लागतात, नाहीतर भोक पडल्यावर आतला पापुद्रा वाळून पिलाला आवळून धरतो. पावसात त्यासाठी एक छोटी बशी पुरली. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर ठरत नाही, उघड्या पृष्ठभागावर ठरते. कमी पडली तर बशीत स्पंजचा तुकडा उभा करा, जास्त झाली तर बशी बदलून वाटी ठेवा. आर्द्रता टिकावी म्हणून भोकं बुजवणारे लोक असतात. त्यांनी एवढंच आठवावं की आता आत एकोणीस जीव श्वास घेणार आहेत.

झाकण बंद. यापुढे काच हीच खिडकी.

१७ तारखेच्या सकाळी अंड्यांतून चिवचिव ऐकू आली. याचा अर्थ पिलाने आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घातली, फुप्फुसं सुरू झाली. दुपारी पहिल्या अंड्याच्या रुंद टोकाजवळ ताऱ्यासारखी चीर. आणि मग काहीच नाही. तासन्‌तास काहीच नाही. सगळ्या एकवीस दिवसांत अवघड वेळ हीच, कारण हात शिवशिवतात. पण त्या शांततेत आत दोन मोठी कामं चाललेली असतात. पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त पिलाच्या अंगात परत ओढलं जातं, आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात जातो. याला बारा ते चोवीस तास लागतात. या वेळात कवच सोललं तर शिरा फुटून रक्त येतं, किंवा बलकाची पिशवी बाहेर लोंबते. मदतीपायी मेलेली पिलं मदतीवाचून मेलेल्यांपेक्षा जास्त असावीत असा आमचा दाट संशय आहे.

नंतरचं काम झरझर होतं. पिलू आत फिरत फिरत रुंद टोकाभोवती गोल चीर पाडत जातं, रुंद टोकाकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने. मग मान आणि पाय ताणून टोपण ढकलतं. चीर सुरू झाल्यापासून अर्धा तास ते दोन-तीन तास. ओलं, थकलेलं पिलू बाहेर पडून तिथेच झोपतं, बाकीच्या अंड्यांवर आपटतं, त्यांना लोळवतं. लोळू द्यावं. फुलून कोरडं होईपर्यंत ते मशीनमध्येच राहतं, चोवीस तासांपर्यंतही. पोटातला बलक त्याला दोन दिवस पुरतो, त्यामुळे उपाशी आहे म्हणून घाईने झाकण उघडण्याचं कारण नाही. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की ओलावा झपाट्याने उतरतो आणि चिरलेल्या अंड्यांतला पापुद्रा वाळायला लागतो. कोरडी पिलं काढायचीच असतील तर एकदम सगळी, अर्ध्या मिनिटात.

१८ च्या रात्रीपर्यंत चौदा पिलं बाहेर होती. बाहेर धो धो पाऊस, मशीन इन्व्हर्टरवर. दोन अंडी चिरलेली पण थांबलेली, तीन गप्प.

मदत कधी करायची? पहिली चीर पडून चोवीस तास उलटले आणि ती तसूभरही वाढली नाही, किंवा भोकातून दिसणारा पापुद्रा पिवळा-तपकिरी, चामड्यासारखा झाला, किंवा पिलाने टोकदार बाजूला भोक पाडलं आणि त्याचा आवाज क्षीण होत चालला. पापुद्रा पांढरा, ओलसर असेल आणि पिलू तोंड उघडझाप करत चघळल्यासारखं करत असेल, तर ते अजून बलक ओढतंय, त्याला हात लावायचा नाही.

पद्धत अशी. हात साबणाने धुऊन कोमट करा. खोलीचा पंखा बंद. कोमट पाणी, कापूस, बोथट चिमटा आणि थोडं खोबरेल जवळ घ्या. चिरेपासून सुरुवात करून कवचाचे मुगाएवढे तुकडे उचलायचे, फक्त हवेच्या पोकळीच्या भागातले, त्याखाली नाही. कवच निघालं की पापुद्र्यावर बोटाने खोबरेलाचा थेंब पसरायचा. तो पारदर्शक होतो आणि शिरा दिसतात. ठळक लाल शिरा दिसल्या तर तिथेच थांबा, नाकपुड्या मोकळ्या आहेत एवढं बघा, अंडं मशीनमध्ये परत. तेल चोचीच्या भोकांवर जाऊ देऊ नका. दोन-तीन तासांनी पुन्हा बघा. शिरा विरलेल्या असतील तर पापुद्रा चोचीपासून मागे हळूच सरकवून डोकं मोकळं करायचं आणि बाकीचं अंग पिलावर सोडायचं. पाय आणि बेंबी त्याने स्वतःच कवचातून ओढून काढली पाहिजे. रक्ताचा थेंब आला तर कोरडा कापूस दाबून धरा आणि त्या वेळचं काम संपलं असं समजा.

थांबलेल्या दोनांपैकी एकाचा पापुद्रा पांढरा होता. त्याला नुसता वेळ दिला, पहाटे ते आपण होऊन निघालं. दुसरं चिकट पिलू होतं, पांढऱ्या बलकाच्या डिंकाने लव कवचाला चिकटलेली. ही पावसाळी अंड्यांची खूण. ओल्या कोमट कापसाने डिंक भिजवत, वरच्यासारखं तीन टप्प्यांत डोकं मोकळं केलं. निघाल्यावर त्याच्या बेंबीला धागा होता. तो कापायचा किंवा ओढायचा नाही, पोव्हिडोन आयोडिनचा बोळा टेकवून सोडून द्यायचा, एका दिवसात वाळून पडतो. एखाद्याची बलकाची पिशवी थोडी बाहेर असेल तर त्याला ओल्या टिश्यूवर स्वच्छ वाटीत बसवून मशीनमध्येच ठेवतात, म्हणजे ते इकडेतिकडे घासटत नाही.

तीन गप्प अंडी २० ऑगस्टला फोडून बघितली. कंटाळवाणं आणि थोडं वाईट वाटणारं काम आहे, पण पुढच्या खेपेची सगळी दुरुस्ती तिथेच सापडते. पूर्ण वाढलेलं पण ओलं, फुगलेलं, पोकळी लहान, म्हणजे ओलावा जास्त. कोरडं, पापुद्र्यात गुंडाळलेलं, म्हणजे शेवटी ओलावा कमी. पहिल्या तीन-चार दिवसांतच मेलेलं, म्हणजे साठवण किंवा सुरुवातीचं तापमान. सगळी पिलं एकोणिसाव्या दिवशीच निघाली तर मशीन गरम चालतंय, बावीस-तेवीसपर्यंत रेंगाळली तर थंड. आमच्या तिघांपैकी दोन पहिल्या प्रकारची होती, म्हणजे पहिल्या आठवड्यातली दोरी भोवलीच. तिसऱ्याचं डोकं टोकदार बाजूला होतं, त्याला इलाज नाही. फलित एकवीस अंड्यांमधून सोळा पिलं, तीनचतुर्थांशाच्या वर. घरच्या मशीनसाठी सत्तर ते ऐंशी टक्के चांगलेच म्हणायचे.

आईचं काम दोघांनी वाटून घेतलं. शेजारी एक कोंबडी खुडूक बसलेली होती, तिच्याखाली दोन आठवडे खोटी अंडी ठेवलेली. १९ च्या रात्री अंधारात तिच्या पंखांखाली आठ पिलं सरकवली आणि खोटी अंडी काढली. सकाळी ती त्यांना घेऊन हिंडत होती. दिवसाढवळ्या हे करू नये, टोचून मारते. उरलेली आठ पुठ्ठ्याच्या खोक्यात, साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीला ३३-३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिलंच नीट सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून ओरडली तर थंडी, कडेला पंख पसरून तोंड उघडं तर उकाडा. खाली भाताचं तूस, पण कोरडं. गिरणीतून पावसात आणलेलं दमट तूस तसंच पसरलं तर त्याला बुरशी येते आणि पिलं धापा टाकत मरतात. चुलीजवळ दोन दिवस पोतं उघडून ठेवायचं किंवा कढईत हलकं परतायचं. पाणी उथळ झाकणात, खडे टाकून, पहिल्या दिवशी किंचित गूळ घालून. प्रत्येकाची चोच एकदा बुडवून दाखवायची. खायला तांदळाच्या कण्या आपल्याकडे सगळेच टाकतात, पण नुसत्या कण्यांवर पिलू वाढत नाही. वीस-बावीस टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर हवं, पाच किलोला अडीचशेच्या घरात. रक्ती, लाल हगवण दिसली तर घरगुती औषधांत दिवस घालवू नका, दवाखान्यातून अँप्रोलियम या तिच्यावरच्या औषधाचं प्रमाण विचारून घ्या.

लस म्हणजे खरा कागदपत्रांचा आणि वेळापत्रकाचा भाग. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब. सातवा दिवस येत होता २५ ऑगस्टला आणि २७ ला गणेश चतुर्थी. त्या आठवड्यात कोकणात कुठल्याच कार्यालयात माणूस सापडेल याची खात्री नसते, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच्या आठवड्यात जाऊन लस शिल्लक आहे का आणि कुठल्या वारी कुपी फोडतात ते विचारून ठेवलं. केसपेपर काढावा लागतो, त्यावर पक्ष्यांची संख्या आणि जन्मतारीख लिहितात. कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. सोळा पिलांसाठी कुणी कुपी फोडत नाही, म्हणून वाडीतल्या आणखी तीन-चार घरांची पिलं एकाच दिवशी जमवली. थर्मासमध्ये बर्फ घेऊन जा, लस दोन ते आठ अंशांतच जिवंत राहते. बस चुकली आणि पिशवीत लस गरम झाली तर डोळ्यात घातलेला थेंब नुसतं पाणी. चौदाव्या दिवशी गंबोरो या पिलांच्या आजाराची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, आणि देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. पावसात डास असेपर्यंत देवीची लस टाळू नये, कारण तो आजार मुख्यतः डास पसरवतात.

खर्चाचा हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी: मशीन आणि उपकरणं सोडली, तर या खेपेला अंड्यांचे पावणेतीनशे, वीज अंदाजे वीस युनिट, सिलिका जेलचे दीडशे, खाद्याची पहिली पिशवी अडीचशे.

आणि मशीन ठेवून देण्याआधी. कवचं, लव, मॅट काढून आतून ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने पुसायचं, पंख्याची पाती जुन्या टूथब्रशने घासायची, सेन्सर कोरड्या फडक्याने. ऊन तर नसतंच, म्हणून झाकण किंचित उघडं ठेवून मशीन रिकामंच एक दिवस ३७.५ वर चालू ठेवायचं. तसंच ओलं बंद केलं तर दसऱ्यापर्यंत थर्माकोलच्या सांध्यांत काळी बुरशी धरते, आणि ती पुढच्या खेपेच्या अंड्यांत जाते.